मनीषनगरातली प्लिमथ कॉलनी

प्रश्न साधा होता. पिल्ग्रिम लोकांनी इंग्लंड का सोडले? अंकितने उत्तर लिहिले होते, 'पाण्याच्या टंचाईमुळे.' त्याच्या मागच्या बाकावरच्या मुलाने अंकितचे पाहून लिहिले होते, पण नक्कल केल्याचा आळ नको म्हणून स्वतःची भर घालून 'पाणी व वीज टंचाईमुळे' असे केले होते. दामिनी वर्गातली हुशार मुलगी. तिने डिक्शनरी उघडून 'पिल्ग्रिम' म्हणजे यात्रेकरू हे शोधून काढले होते आणि लिहिले होते, 'ते दर्शनाला निघाले होते, पण गाडी चुकली.'

रुपराव गावंडे सरांनी लाल पेन खाली ठेवले आणि स्टाफरूमच्या पंख्याकडे बराच वेळ पाहिले. पंखाही त्यांच्याकडे पाहत होता. वीज गेलेली होती. म्हणजे मागच्या बाकावरच्या मुलाचे अगदीच चुकले नव्हते.

एरवी सरांच्या वर्गात असे होत नसे. सीताबर्डीची लढाई शिकवताना ते असे काही हातवारे करत, की पहिल्या बाकावरची मुले तोफगोळ्याच्या भीतीने दप्तर डोक्यावर घेत. पण मनीषनगरातली त्यांची शाळा गेल्या वर्षी इंटरनॅशनल झाली. म्हणजे फाटकावरची पाटी बदलली, मुलांच्या गळ्यात टाय आले, आणि नववीच्या इतिहासातून भोसले जाऊन अमेरिका आली. जेम्सटाउन, प्लिमथ, तंबाखूचे मळे, कडाक्याची थंडी. सरांनी हे सगळे उन्हाळ्याच्या सुटीत नागपूरच्याच नंदनवन भागातल्या आपल्या घरी, कूलरसमोर ओला टॉवेल डोक्यावर घेऊन वाचले होते. न्यू इंग्लंडच्या थंडीत निम्मे लोक मेले, हे वाचताना त्यांना त्या लोकांचा थोडा हेवाही वाटला होता.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिका शामला मॅडमनी त्यांना केबिनमध्ये बोलावले. शामला मॅडम फार गोड बोलत. वाईट बातमी असली की जास्तच.

"सर, शनिवारी बोर्डाकडून लतिका मॅडम येऊन राहिल्या. पुण्याहून. तुमच्या वर्गाची उजळणी पाहणार आहेत."

"येऊ द्या की," सर म्हणाले.

"पोरांना काही आलं नाही, तर पुढच्या वर्षीपासून इतिहास आपण व्हिडिओवर लावून टाकू. स्क्रीन तर घेतलीच आहे. तुमचा त्रासही वाचेल. तुम्हाला बसची ड्युटी देऊ. मोकळी हवा असते."

बसची ड्युटी म्हणजे गळ्यात शिटी घालून फाटकाशी उभे राहायचे आणि 'मागे घे, घे, घे, बस' म्हणायचे. वीस-बावीस वर्षे ज्या माणसाने मराठ्यांचे घोडे अटकेपार नेले, त्याने आता स्कूलबस रिव्हर्स घ्यायची! सर घरी आले तेव्हा त्यांचा चेहरा पाहून त्यांच्या पत्नी कौशल्यावहिनींनी काही न विचारता चहात आले जास्त टाकले.

चहाच्या वासाने की काय, शेजारचे नत्थूजी आले. नत्थूजी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले होते. नोकरीत असताना त्यांचा सल्ला कोणी घेतला नाही, त्यामुळे तो सगळा साठा शिल्लक होता.

"मास्तर, पोट्टे वाचून नाही शिकत," नत्थूजी बशीत चहा ओतत म्हणाले. "पाहून शिकतात. तुम्ही करूनच दाखवा ना."

"काय करून दाखवू? अमेरिका?"

"मंग काय झालं! एक जहाज येते, लोक उतरतात, झोपड्या टाकतात. इतकंच ना? आपल्या नागपुरात तर हे रोजच होऊन राहिलं."

सल्ला चांगला होता, हीच त्यातली खोट होती. वाईट सल्ला सरांनी ऐकलाच नसता.

शाळेच्या मैदानात फरश्या बसवण्याचे काम चालू होते. पण शाळेला लागून एक मोठा मोकळा प्लॉट होता. मध्ये एक कडुलिंबाचे झाड, कोपऱ्यात क्रिकेटचे स्टंप म्हणून तीन विटा, आणि बाकी जागेवर गवत. प्लॉट कोणाचा ते कोणालाच ठाऊक नव्हते. नत्थूजींच्या मते ज्या जागेचा मालक दिसत नाही ती सरकारची असते. सर प्रामाणिक माणूस. ते परवानगी काढायला सरकारी कचेरीत गेले. प्रामाणिक माणसाचे पुढे जे होते तेच त्यांचे तिथे झाले.

खिडकीतल्या बाबूंनी अर्ज वाचला. "कॉलनी टाकून राहिले का?"

"हो. म्हणजे नाही. खरी नाही. सोळाशे वीस सालची आहे."

बाबूंनी चष्मा कपाळावर चढवला. "सोळाशे वीसपासून ताबा आहे?"

"ताबा इंग्रजांचा होता."

"मंग हे जुनं अतिक्रमण झालं. नियमित करायचं असन तर ते पलीकडच्या खिडकीत. त्या वेळची टॅक्सपावती लागते."

"अहो, मूळ कॉलनी अमेरिकेत आहे!"

"अमेरिका आमच्या हद्दीत नाही येत," बाबू म्हणाले आणि अर्ज परत सरकवला. पलीकडच्या खिडकीतल्या बाईंनी जहाज हा शब्द वाचून, जहाजाचे काम मुंबईला होते असे सांगितले. शेवटी तिसऱ्या खिडकीतल्या एका दयाळू माणसाने विचारले, "नाटक किती वेळाचं आहे, सर?"

"तासाभराचं."

"मंग परवानगी कायले पाहिजे? एका तासात कोणी कॉलनी वसवते का?"

सरांना हे पटले. पुढे जे झाले त्यावरून वाटते, की त्या माणसाने इतिहास वाचलेला नव्हता.

आता जहाज. नंदनवनातच एक डेकोरेटर होता, शोभायात्रेच्या झाक्या, म्हणजे चित्ररथ, भाड्याने देणारा. त्याच्या गोदामात एक नाव होती. लाकडी, सोनेरी रंगाची, हातठेल्यावर बसवलेली, आणि पुढे हंसाची भली लांब लोखंडी मान. मागच्या खेपेला तिच्यात लक्ष्मी बसली होती.

"हे हंसाचं मुंडकं काढता येईल का?" सरांनी विचारले.

"निघत नाही, सर. वेल्डिंग आहे," डेकोरेटर म्हणाला. मग सरांचे पडलेले तोंड पाहून त्याने तोड सुचवली, "वरून टोपी घालून द्या ना."

अशा रीतीने 'मेफ्लॉवर' जहाजाच्या नाकाशी पिल्ग्रिमांची काळी पुठ्ठ्याची टोपी घातलेला हंस आला. तो फार विचारात पडल्यासारखा दिसे. मुलांसाठी काळे कोट हवे होते. कपडे भाड्याने देणाऱ्याकडे काळे म्हणून वकिलांचेच कोट होते, तेच आणले. ते चढवून मुले रांगेत उभी राहिली की कोर्टाची जेवणाची सुट्टी झाल्यासारखे वाटे.

आणि राहिली पाटी.

पाटीचे काम सरांनी शाळेजवळच्या पेंटरला दिले. एका कागदावर 'प्लिमथ कॉलनी' आणि त्याखाली '१६२०' असे लिहून दिले. पाटी झाली की कळवायला म्हणून खाली आपले नाव आणि मोबाइल नंबर लिहिला. आता हा पेंटर जन्मात ले-आउटच्या, म्हणजे प्लॉटविक्रीच्या, पाट्यांशिवाय दुसरे काही रंगवत आलेला नव्हता. त्याचा हात आपोआप चाले. शुक्रवारी दुपारी शाळेच्या शिपायाने पाटी परस्पर नेऊन प्लॉटवर ठोकली आणि शाळा सुटल्यावर सरांनी ती पाहिली. भगव्या रंगात ठसठशीत 'प्लिमथ कॉलनी'. खाली '१६२०/- फक्त'. त्याखाली 'संपर्क : रुपराव गावंडे' आणि नंबर. आणि कोपऱ्यात, लाल गोलात, 'थोडेच प्लॉट शिल्लक!'

"हे काय केलं गा?" सर फोनवर ओरडले.

"ते लाल गोल आम्ही आपल्याकडून फ्री टाकून देतो, सर," पेंटर म्हणाला. तो साळीच्या लग्नाला निघाला होता आणि मागे वरातीचा बँड वाजत होता.

नत्थूजींनी पाटी दोन्ही बाजूंनी पाहिली आणि निकाल दिला, "राहू द्या, मास्तर. साल तर बरोबर आहे ना? पोट्ट्यांले पाठ होईन."

पाठ झाले, पण मनीषनगराला. जिथे भाव विचारायचा म्हटले तरी माणूस आधी खाली बसतो, तिथे सोळाशे वीस रुपये फूट म्हणजे फुकटच. पहिला फोन सर सायकल स्टँडवरून स्कूटर काढत होते तेव्हाच आला.

"प्लॉटचं काय गावंडे साहेब, थोडं कमी होईन का?"

"तो भाव नाही, साल आहे."

"सालाचा हप्ता आहे का? मंग तर बेस्टच!"

दुसऱ्याने विचारले, पूर्वमुखी आहे का? सर बिचारे शिक्षक. प्रश्न आला की खरे उत्तर देण्याची खोड. ते म्हणून गेले, "हो, पूर्वेलाच आहे, समोर समुद्र." झाले! त्यानंतरचे सगळे फोन 'सी फेसिंग'साठी आले. संध्याकाळी कळमेश्वरहून कौशल्यावहिनींच्या भावाचा, रोहितचा फोन आला. त्याचा आवाज दुखावलेला होता.

"भाऊजी, इतकी मोठी स्कीम टाकली आणि घरच्या माणसाले सांगितलंबी नाही? मले कंपनीत दुसऱ्याकून कळून राहिलं!"

"अरे रोहित, ती कॉलनी नाही. नाटक आहे."

"हाव, हाव. सगळे असंच म्हणतात," रोहित म्हणाला आणि फोन ठेवला. कौशल्यावहिनी भाजी चिरत होत्या. त्यांनी मान वर न करता एवढेच विचारले, "अहो, खरंच काही घेतलं तर नाही ना तुम्ही?" स्वतःच्या बायकोने इतक्या आशेने विचारावे, हे सरांना सगळ्यात जास्त लागले.

शनिवार उजाडला. ऊन छान होते. मुले वेळेवर आली. सरांनी सगळे नीट आखले होते. एक तुकडी रोनोकची, ती आधी वस्ती करून गायब होणार. दुसरी प्लिमथची, ती जहाजातून येणार. आणि दामिनी आणि तिच्या मैत्रिणी तिथले मूळ रहिवासी. त्या पाहुण्यांना मका पेरायला शिकवणार. कोंबडीची पिसे मिळाली नाहीत म्हणून दामिनीने केसांत झाडूच्या काड्या खोवल्या होत्या, पण डोळ्यांत असा करारीपणा होता की काड्यांकडे लक्ष जात नव्हते.

लतिका मॅडम आल्या. सुती साडी, बारीक फ्रेमचा चष्मा, तोंडावर कसलाही भाव नाही. त्यांनी कडुलिंबाखाली खुर्ची घेतली आणि म्हणाल्या, "चालू द्या. मी इथे नाही असं समजा." हे वाक्य ऐकून आजवर कोणत्याही शिक्षकाला तसे समजता आलेले नाही.

"रोनोकची वस्ती!" सर गरजले. "पंधराशे सत्त्याऐंशी!"

कोणी आले नाही. सरांनी पुन्हा हाक मारली. मग त्यांचे लक्ष कडुलिंबाच्या खोडाकडे गेले. रोनोकची माणसे नाहीशी झाली तेव्हा मागे 'क्रोएटोअन' हा एकच शब्द कोरलेला सापडला होता, आणि तो सगळ्या जगाला कोड्यात टाकून गेला. इथे खोडावर खडूने लिहिले होते, 'तर्री पोहा'. जगाला कोडे पडण्यासारखे काही नव्हते. ठेला चौकातच होता.

"फार प्रभावी," लतिका मॅडम पुटपुटल्या आणि काहीतरी लिहून घेतले. त्यांना वाटले हे बसवलेलेच आहे. सरांनी तो समज दूर केला नाही.

"मेफ्लॉवर!" सर घाईघाईने म्हणाले.

रस्त्यावरून मेफ्लॉवर निघाली. आत काळ्या कोटातले पिल्ग्रिम, मागून ढकलणारे चौघे, आणि पुढे टोपीवाला हंस. रस्त्यापासून प्लॉटपर्यंत जरा उतार आहे. अटलांटिक महासागरात उतार नसतो, त्यामुळे सरांच्या हे ध्यानात आले नव्हते. हातठेल्याला ब्रेक नसतो, हेही. ढकलणाऱ्यांच्या हातून नाव सुटली, गवतातून धडधडत गेली, आणि प्लॉटच्या पलीकडच्या कोपऱ्यात लुगड्यांवर पसरलेल्या कुरडया आणि मुगवड्यांमध्ये जाऊन थांबली. मोठा कुरकुरीत आवाज झाला.

त्या सिंधूताईंच्या होत्या. सिंधूताई प्लॉटमागच्या चाळीत राहत आणि दर उन्हाळ्याच्या तोंडाशी गल्लीतल्या बायकांना घेऊन इथे वाळवण घालत. त्या हातातली काठी घेऊन उठल्या.

"काय गा? डोळे फुटले का?"

अंकित नावेत उभा राहिला. तो घाबरला होता, आणि घाबरलेल्या माणसाला पाठ केलेलेच आठवते. "आम्ही पिल्ग्रिम. आम्हाला आमच्या धर्माप्रमाणे राहण्याचं स्वातंत्र्य पाहिजे!"

"पाहिजे तर पाहिजे. माह्या कुरडयाईवरून उतर पयले!"

दामिनीला आपली भूमिका आठवली. ती धावत जाऊन सिंधूताईंच्या बाजूला उभी राहिली. "आजी, आपण दोघी एकाच पार्टीत आहोत. हे बाहेरून येऊन राहिले. आपण याईले मका द्यायचा आहे."

"मका? याईले?" सिंधूताईंनी अंकितकडे पाहिले. "एक दाणा नाही देत मी!"

इकडे रस्त्याच्या बाजूला निराळीच गर्दी जमली होती. एक नवरा-बायको टेप घेऊन गवत मोजत होते. दोघे-तिघे पाटीसमोर उभे राहून फोटो काढत होते. नत्थूजी आले होतेच. विचारलेल्या प्रश्नाला उत्तर न देता राहणे त्यांच्या स्वभावात नव्हते. त्यामुळे ते लोकांना पाण्याची लाइन कुठून येईल ते दाखवत होते. लतिका मॅडमपाशी जाऊन ते हळूच म्हणाले, "मॅडम, तुम्ही कार्नरचा घ्या. हवा राहते."

आणि तेवढ्यात एक पांढरी गाडी धूळ उडवत येऊन थांबली. आतून पांढरे कपडे आणि काळा गॉगल घातलेले एक भरदार गृहस्थ उतरले.

"कोण आहे रुपराव गावंडे?" ते गरजले. सरांची सीताबर्डीची तोफ या आवाजापुढे टिकली नसती. "माहा प्लॉट कोण विकून राहिलं?"

हे गोपाळराव. कळमेश्वरला त्यांचा पोत्यांचा कारखाना होता. प्लॉट त्यांचा होता, आणि रोहित त्यांच्याच कंपनीत होता. बाकी काही सांगायला नको.

सर पुढे झाले. तोंड उघडले. पण तोंडातून काही निघेना. त्यांनी एकदा पाटीकडे बोट दाखवले, एकदा हंसाकडे. त्याने खुलासा होण्यासारखा नव्हता.

नावेतून अंकित म्हणाला, "काका, सरांवर काहून ओरडता? सर नाही आले इथं. आम्ही आलो."

"तू कोण बे?"

"पिल्ग्रिम. इंग्लंडच्या राजानं आम्हाला तरास दिला. आमची प्रार्थना आम्हाला वेगळी करायची होती, तर तो जेलमध्ये टाके. मंग आम्ही हॉलंडला गेलो, तिथं पोट्टे बिघडून राहिले होते. मंग जहाज पकडलं आणि इकडं आलो."

"राजानं तरास दिला तर राजाशी भांड ना!" गोपाळराव म्हणाले. "माह्या प्लॉटवर काहून आला?"

अंकित थबकला. त्याने सरांकडे पाहिले. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळले. "सर," तो म्हणाला, "प्रश्न बरोबर आहे यांचा!"

गोपाळरावांचा जन्म जमिनीच्या भांडणांत गेला होता. एकदा उलटतपासणी सुरू केली की समोर कोण आहे ते त्यांना दिसत नसे.

"कागद आहे तुमच्यापाशी काही?"

"आहे ना," नावेतली एक मुलगी म्हणाली. "मेफ्लॉवर कॉम्पॅक्ट. जहाजातच लिहिलं आम्ही. सगळे मिळून कायदे करू आणि पाळू म्हणून. सह्या आहेत."

"कोणाच्या सह्या?"

"आमच्याच."

"हे तर आपसातलं ॲग्रीमेंट झालं! जमीनवाल्याची सही कुठं आहे?"

मेफ्लॉवर कॉम्पॅक्टवर हा आक्षेप नववी ब मध्ये यापूर्वी कोणी घेतला नव्हता.

"नाही घेतली यायनं!" दामिनी सिंधूताईंच्या बाजूने ओरडली. "विचारलंबी नाही! आमच्या गावात साथ आली, लोक मेले, गाव रिकामं झालं. यायनं रिकामं पाहिलं आणि बसले!"

"पाह्य! अस्संच करतात!" गोपाळराव वळून म्हणाले. आता ते दामिनीच्या बाजूचे झाले होते. "रिकामं दिसलं की बसले! मंग तुम्ही काय केलं? हाकललं का नाही?"

"नाही ना, काका. पहिल्या हिवाळ्यात यांचे निम्मे लोक मेले. आम्हाला दया आली. आम्ही यांना मका पेरायला शिकवलं. प्रत्येक आळ्यात मच्छी टाकायची, खत म्हणून."

"शिकवलं?" गोपाळरावांनी गॉगल काढला. "अवं पोरी, शिकवलं कायले?"

"तहसुद्धा केला. एकमेकांना मारायचं नाही म्हणून."

"आणि माह्या कुरडयाईचा चुरा?" सिंधूताईंनी विचारले. हा मुद्दा नंतर घेऊ असे दामिनीने सांगितले.

गोपाळरावांनी एक खुर्ची ओढली आणि लतिका मॅडमच्या शेजारी बसकण मारली. प्लॉट पाहायला आलेले लोकही गवतावर बसले. टेपवाल्या बाईने टेप गुंडाळून पर्समध्ये ठेवली. मग पोरांना बंधच राहिला नाही. एकाने जेम्सटाउनचा प्रश्न घेतला. तिथले लोक सोने शोधत बसले आणि शेती करायला कोणी तयार नव्हते, तेव्हा काम करणार नाही त्याला जेवण नाही असा नियम निघाला. यावर गोपाळरावांनी मांडी थोपटली आणि हा नियम कारखान्यात लावतो म्हणाले. तंबाखूची गोष्ट निघाली. तंबाखूसाठी जमीन हवी, जमिनीसाठी आणखी जमीन हवी, राबायला माणसे हवीत, म्हणून आफ्रिकेतून माणसे पकडून आणली, हे ऐकल्यावर कोणी हसले नाही. पोहे खाऊन परत आलेली रोनोकची मंडळीसुद्धा तोंड पुसत गुपचूप मागे येऊन बसली.

"आणि तो तह?" गोपाळरावांनी विचारले. "टिकला का?"

"बापाच्या पिढीत टिकला," दामिनी म्हणाली. "पोराच्या पिढीत लढाई झाली. तोवर हे खूप झाले होते, आणि आम्ही कमी."

"आणि जमीन?"

"गेली."

हंसाची टोपी वाऱ्याने खाली पडली. गोपाळराव उठले, धोतर झटकावे तशी पँट झटकली, आणि सरांसमोर आले. सर डोळे मिटून उभे होते.

"मास्तर," गोपाळराव हळू आवाजात म्हणाले, "मी आलो तेव्हा नुसता रागात होतो. आता ही गोष्ट आयकून मले भेव वाटून राहिलं. या पोट्ट्यांले माह्या प्लॉटवरून आताच्या आता उतरवा. एक झोपडी नाही पाहिजे. एक मक्याचा दाणा नाही पाहिजे."

मेफ्लॉवर उलट्या दिशेने ढकलत निघाली. चढ होता, म्हणून पिल्ग्रिम, मूळ रहिवासी आणि प्लॉटचे गिऱ्हाईक, सगळ्यांनी हात लावला.

लतिका मॅडमचा अहवाल आठवड्याभरात आला. शामला मॅडमनी तो सगळ्या स्टाफसमोर वाचला. मुलांची तयारी उत्तम, उदाहरणे परिसरातली, असे त्यात होते. आणि पुढे होते, 'विशेष म्हणजे जहाज लागल्यापासून पुढच्या संपूर्ण उजळणीत शिक्षक एक शब्दही बोलले नाहीत. विद्यार्थ्यांना असे मोकळे सोडण्यास फार मोठा संयम लागतो.' टाळ्या वाजल्या. इतक्या वर्षांत घसा फोडून जे शिकवले त्याचे कौतुक कधी झाले नाही, आणि भीतीने वाचा बसली त्याचे झाले, हा अपमान समजावा की सन्मान, ते सरांना ठरवता येईना. त्यांनी मान लववली. बसची ड्युटी टळली. व्हिडिओचा विषय निघाला नाही. मात्र आता इतर शिक्षकांनीही वर्गात तोंड बंद ठेवून पाहावे, अशी सूचना शामला मॅडमनी काढली, आणि गणिताच्या सरांनी त्या दिवसापासून रुपरावांशी बोलणे सोडले.

गोपाळरावांनी दुसऱ्याच आठवड्यात प्लॉटला भिंत घातली. सिंधूताईंसाठी त्यांनी एक फाटक मात्र ठेवायला लावले, आणि किल्ली त्यांच्या हातात देऊन सांगितले, की कोणालाही काही पेरायला शिकवायचे नाही.

त्यानंतरच्या रविवारी सर जेवायला बसले होते. कौशल्यावहिनींनी भाकर वाढली, वांग्याचे भरीत वाढले, आणि फोन वाजला. अनोळखी नंबर होता. सरांनी हात कपाळाला लावला. कॉलनीचे फोन अजून थांबलेले नव्हते. त्यांनी उचलला आणि नेहमीचे वाक्य म्हणाले, "ते साल आहे, भाव नाही."

"मास्तर, मी गोपाळराव," पलीकडून आवाज आला. आज तो गरजत नव्हता. उलट जरा संकोचलेला होता. "जेवून तर नाही राहिले? नाही म्हटलं, ते तुमचे कॉलनीवाले. झोप नाही मले. तिकडं वसले, जमीन झाली, तंबाखू झाली. मंग राजा गप राहिला का? त्यानं काही वसूल केलं असन ना?"

सरांच्या वर्गात आजवर 'मग पुढे काय झाले' असे कोणी विचारले नव्हते. फार तर 'हे परीक्षेला आहे का' असे विचारत. त्यांनी ताट जरा बाजूला सरकवले आणि पाठ ताठ केली.

"केलं ना, गोपाळराव. टॅक्स लावला. शेवटी चहावरसुद्धा लावला."

"चहावर! मंग?"

"मग एका रात्री लोक बंदरात जहाजावर चढले आणि सगळ्या चहाच्या पेट्या समुद्रात फेकून दिल्या."

हे एका कारखानदाराच्या काळजाला लागले.

"पूर्ण माल?" गोपाळराव म्हणाले. "इन्शुरन्स होता का?"

सरांनी कौशल्यावहिनींना खुणेनेच सांगितले, की भरीत झाकून ठेवा.